गोठवलेलं बी जागं करताना

भाताचं बी सुकवलं तर टिकतं. फणसाची आठळी सुकवली तर मरते. माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं या एका फरकाभोवती गेली. पिकांच्या आणि झाडांच्या जाती गोठवून जपणाऱ्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. बिया, कोंबांची टोकं, बियांमधले गर्भ, जे हाती येईल ते स्वच्छ करायचं, सुकवायचं, गोठवायचं आणि मधूनमधून त्यातलं थोडं बाहेर काढून जिवंत आहे का ते पाहायचं, असं ते काम. पाहुण्यांना गोठवण्याचा भाग आवडायचा. टाकीचं झाकण उघडलं की पांढरी वाफ जमिनीवर उतरते, ती पाहून माणसं थबकतात. आम्हाला धास्ती असायची ती बाहेर काढण्याची.

मी सालवडची. एका अंगाला बोईसर, एका अंगाला तारापूरची औद्योगिक वसाहत आणि मध्ये उरलीसुरली भातखाचरं, असं आमचं गाव. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयात बी.एस्सी. केलं आणि बरोबरीच्या बहुतेक मुलामुलींसारखी वसाहतीतल्याच एका औषध कारखान्याच्या गुणवत्ता विभागात लागले. द्रवरूप नायट्रोजनची ओळख तिथे झाली. चिल्हारच्या रस्त्याने त्याचे टँकर येतात. मे महिन्याच्या उन्हातही त्यांच्या व्हॉल्व्हवर बर्फाचा थर असतो. कारखान्यात हा वायू रिॲक्टरमधली हवा हटवण्यासाठी लागतो, म्हणजे आतली द्रावणं पेट घेत नाहीत.

पुढे वनस्पतींच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा ती कारखान्यातली शिस्त फार कामाला आली. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या एका लिटरपासून सुमारे सातशे लिटर वायू होतो, आणि त्याला ना वास ना रंग. बंद खोलीत सांडला तर प्राणवायू बाजूला सारला जातो आणि माणूस काही कळायच्या आत कोसळतो. म्हणून खोली हवेशीर हवी, प्राणवायू मोजणारा मीटर चालू हवा, आणि कुणीही एकट्याने टाकी भरायची नाही. हातमोजे सैल हवेत, झटकले की निघून पडतील असे. टाकीचं झाकण कधीही घट्ट बसवायचं नाही. कुपी बाहेर काढताना चेहऱ्यापुढे ढाल हवीच, कारण आत द्रव शिरला असेल तर बाहेर आल्यावर त्याचा वायू होतो आणि कुपी फुटते. नव्या मुलांना मी झाडांबद्दल काहीही सांगण्याआधी हे शिकवत असे.

या कामाचं मूळ बर्फाच्या देशांत आहे. १९६० साली जपानच्या अकिरा साकाई यांनी हिवाळ्यात थंडीला सरावलेल्या तुतीच्या फांद्या आधी हळूहळू गोठवल्या, मग द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवल्या, आणि त्या जगल्या. होक्काइदोच्या तुतीला गोठणं ठाऊक असतं. हिवाळा जवळ आला की ती पेशींमधलं पाणी बाहेर सोडते, साखर वाढवते, डोळे मिटून घेते. आमच्या किनाऱ्यावरच्या झाडांवर ती वेळ कधी आलीच नाही. फणस, आंबा, जांभूळ, नारळ ही पावसाळी मुलखातली झाडं. त्यांचं बी खाली पडतं ते ओल्या जमिनीत, आणि लगेच रुजतं. वाट पाहायची त्याला गरजच नाही, म्हणून सुकून राहण्याची ताकदही त्याच्यात नाही. आणि न सुकता थंडीत गेलं की आतल्या पाण्याचं बर्फ होतं. पाणी गोठताना नऊ टक्क्यांच्या आसपास फुगतं. स्फटिकांच्या कडा पेशीचे पडदे फाडतात. पेशीला मारतं ते हे बर्फ. नुसती थंडी तिने सोसली असती.

भात, नागली, वरई, तूर, वाल यांचं तसं नाही. त्यांचं बी सुकवा, हवाबंद पाकिटात भरा आणि उणे १८ ते २० अंशांत ठेवा, ते पुष्कळ वर्षं जगतं. बियाण्याच्या विज्ञानात हॅरिंग्टनचा एक ठोकताळा आहे: बियांतली ओल एक टक्का कमी केली की आयुष्य दुप्पट, साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. तो सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. जव्हारकडच्या पाड्यांवर बायका बी दाताखाली धरून कट्ट वाजतं का पाहतात, राखेत मिसळून ठेवतात, चुलीवरच्या धुरात टांगतात, काकडीच्या बिया शेणाने भिंतीला थापतात. ही सगळी ओल काढण्याची आणि कीड दूर ठेवण्याची तंत्रं आहेत. मी सुकवणीच्या खोलीत आर्द्रता मोजत बसायचे तेव्हा मला त्या भिंती आठवायच्या आणि आपण वेगळं काही करत नाही, फक्त जास्त काळासाठी करतो आहोत, असं वाटायचं.

खरं आव्हान फणसाचं. त्याची अख्खी आठळी गोठवता येत नाही, पण तिच्या आत मूळ आणि कोंब यांचा इवलासा अक्ष असतो, तेवढाच काढून घ्यायचा. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोत, पुसाच्या आवारात, चहा आणि फणसाच्या अशा गर्भाक्षांवर १९९०च्या दशकातच काम झालं होतं. मी तिथे प्रशिक्षणाला गेले तेव्हा पहिल्यांदा तो अक्ष चिमट्याने उचलला. लॅमिनारसमोर, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटासमोर बसून, मनगट टेकवून, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा. मग निर्जंतुक हवेच्या झोतात तो काही तास सुकवायचा. इथे सगळी कसोटी आहे. ओल जास्त राहिली तर बर्फ होऊन मरतो, फार उतरली तर सुकूनच मरतो; मधली पट्टी अगदी अरुंद. ती दर झाडाची वेगळी, आणि एकाच झाडाच्या कच्च्या आणि पक्क्या फळांचीही वेगळी.

पुढे आमच्याकडे असाच सुकवून गोठवलेला अक्ष नायट्रोजनमधून बाहेर काढला, कोमट पाण्यात झरझर वितळवला, पोषक आगरवर ठेवला. आठवडाभराने त्याला पांढरं मूळ फुटलं, आणि प्रयोगशाळेत सगळे माझ्या टेबलाभोवती जमले. कोंब मात्र आला नाही. त्या खेपेला नाही, पुढच्या खेपेलाही नाही. मुळाच्या बाजूच्या पेशी वाचल्या होत्या, कोंबाच्या बाजूच्या नाहीत. असे अक्ष वाढतात, फुगतात, त्यांचा पुंजका होतो, पण झाड होत नाही. कागदावर त्यांची नोंद ‘जिवंत’ अशी करता येते. आमच्या प्रमुख बाईंनी ती कधी करू दिली नाही. कोंब आला, पानं आली, रोप मातीत लागलं, तरच जिवंत, असा त्यांचा नियम होता. त्यामुळे आमचे आकडे इतरांपेक्षा कमी दिसायचे आणि निधीच्या बैठकीत त्याबद्दल ऐकून घ्यावं लागायचं. त्या नियमामुळेच पुढे आम्ही सुकवणीची पद्धत बदलत गेलो आणि थोडे का होईना, कोंब दिसू लागले. आजही कुणी मला गोठवणुकीचा आकडा सांगितला की मी आधी विचारते: मूळ मोजलंत की रोप?

केळीची तऱ्हा आणखी निराळी. खाण्याच्या केळ्यात बीच नसतं, मुनव्यांवरच सगळा कारभार. वसईची राजेळी, वेलची, तांबडी जपायची तर बाग तरी राखायला हवी, नाहीतर कोंबाचं टोक काचेत वाढवून गोठवायला हवं. बेल्जियममधल्या ल्युवेन विद्यापीठात केळीचा आंतरराष्ट्रीय संग्रह १९८५पासून आहे, दीड हजारांहून जास्त नमुन्यांचा, आणि त्यातला मोठा भाग नायट्रोजनमध्ये आहे. तिथली रीत आम्ही शिकलो. कोंबाचं जेमतेम मिलिमीटरभर टोक घ्यायचं आणि ग्लिसरॉल, इथिलिन ग्लायकॉल, डायमिथिल सल्फॉक्साइड आणि साखर यांच्या दाट द्रावणात ठेवायचं. हे द्रावण १९९० साली साकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलं. ते पेशीतलं पाणी खेचून घेतं आणि उरलेल्याला इतकं दाट करतं की झटक्यात थंड केल्यावर स्फटिक बनायला अवसरच मिळत नाही. चिक्कीसाठी गुळाचा पाक गार होताना दाणेदार न होता काचेसारखा कडक होतो, तसं पेशीच्या आतलं पाणी होतं. द्रावण विषारी असतं, म्हणून घड्याळ समोर ठेवून काम करावं लागतं. आणि वितळवतानाही घाईच करायची. रेंगाळलं तर काचेतून पुन्हा बर्फ तयार होतं.

या केळीनेच मला रोगाकडे पाहायला शिकवलं. वसईकडून आलेल्या राजेळीच्या मुनव्यांच्या पानांवर पिवळसर पट्टे होते. सोबतच्या बागायतदारांनी, वयाने माझ्या वडिलांएवढे असतील, काळजीने विचारलं, “बाय, आजारी झाड गोठवलं तर आजारही गोठून राहील ना?” प्रश्न अगदी बरोबर होता. बियाण्यातली बुरशी, जिवाणू, विषाणू उणे वीसमध्ये बहुधा मरत नाहीत. बीसारखेच तेही झोपतात. करपा लागलेल्या शेतातलं भात न तपासता बियाणे पेढीत ठेवलं तर वीस वर्षांनी आपण करप्यासकट वाटप करू. म्हणून गोठवण्याआधी आरोग्य तपासणी असते: ओल्या शोषकागदावर बिया ठेवून बुरशी उगवते का पाहणं, कडधान्याच्या बियांचं क्ष-किरण चित्र काढून आत भुंगेऱ्याची अळी आहे का पाहणं, विषाणूंसाठी एलायझा चाचणी. या टेबलावरची माणसं कधी छायाचित्रांत नसतात.

पण केळीच्या बाबतीत त्या बागायतदारांच्या प्रश्नाला दुसरंही उत्तर होतं. कोंबाच्या अगदी टोकाला ज्या पेशी असतात त्या लहान, दाट, पाणी कमी असलेल्या. विषाणू तिथवर बहुधा पोहोचलेला नसतो. त्यांच्या खालच्या, मोठ्या, पाणीदार पेशींमध्ये तो असतो. नायट्रोजनमध्ये बुडवल्यावर पाणीदार पेशी बर्फाने फुटतात आणि टोकाच्या वाचतात. म्हणजे जो जगतो तो बऱ्याचदा निरोगी भाग असतो. फ्रान्समध्ये १९९७ साली आलुबुखाराच्या कुळातल्या झाडावरचा विषाणू असा घालवला गेला, आणि २००२ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी केळीवर हे करून दाखवलं: काकडी मोझॅकचा विषाणू सुमारे ३० टक्के रोपांतून गेला, पट्ट्यांचा विषाणू सुमारे ९० टक्के रोपांतून. जळगावच्या केळीपट्ट्यात ज्याला सीएमव्ही म्हणतात तोच हा काकडी मोझॅक. गोठवणीचा हा उपयोग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जतन तर होतंच, शिवाय शेतकऱ्याला स्वच्छ रोप परत देता येतं.

सगळंच जमलं नाही. पट्ट्यांच्या विषाणूचा काही अंश बाल्बिसियाना या रानकेळीकडून आलेल्या वारशातच, थेट जनुकांत, बसलेला असतो. राजेळीसारख्या केळ्यांत तो वारसा आहे. तिथे नायट्रोजन काहीच करू शकत नाही, आणि कोंब काचेत वाढवताना बसणाऱ्या ताणाने तो झोपलेला विषाणू जागाही होऊ शकतो. हे त्या बागायतदार काकांना समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग बागेतली स्वच्छ झाडं शोधून तीच वाढवायला हवीत.” तेच योग्य होतं. आम्ही मग त्यांच्याबरोबर बागा हिंडून झाडं निवडली, नंतर तपासली.

एका गोष्टीचा मला अजून राग आहे. दुसऱ्या एका ठिकाणाहून आमच्याकडे जुन्या नमुन्यांचा साठा आला. पाकिटं व्यवस्थित, ओल योग्य, उगवण उत्तम. लेबलवर मात्र एवढंच: ‘भात, लाल, ठाणे’. कुठलं गाव, खाचर की वरकस, गोडं पाणी की खाजण, कुणी दिलं, कशासाठी पेरत होते, काही नाही. ठाण्याच्या किनाऱ्यावर, म्हणजे आताच्या पालघरच्याही, खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल तांदळाचं राता भात होतं; पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने भुरा राता घेऊन वाण काढले, ते यातूनच. आमच्या हातातलं लाल भात राता होतं की डोंगरातलं दुसरंच काही, हे पाकीट सांगत नव्हतं. पेरून, मीठ देऊन, वर्ष घालवून शोधावं लागलं. ज्याने दिलं त्याला विचारलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. नायट्रोजनच्या थंडीत साधी शाई उडते, चिकटपट्टी सुटते, त्यामुळे आम्ही लेबलाच्या कागदावर आणि शाईवर खर्च करायचो आणि हिशेब पाहणाऱ्यांना तो उधळेपणा वाटायचा. माझ्या मते तो सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च.

जव्हारजवळच्या एका पाड्यावर आम्ही भाताचे नमुने गोळा करत होतो. बाएफ संस्थेने त्या भागात गावकऱ्यांच्या बियाणे बँका उभ्या केल्या आहेत, त्यामुळे लोकांना बी मागणारी माणसं नवी नव्हती. एका आजीने महाडी आणि डांगी भाताचं बी पुढ्यात ठेवलं आणि विचारलं, किती वर्षं ठेवणार? मी म्हटलं, पन्नास, कदाचित त्याहून जास्त. ती जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “तोवर पाऊस बदलंल. हे त्याला ओळखंल काय?”

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. शेतातलं बी दरवर्षी बदलत्या पावसाला, नव्या किडीला, नव्या करप्याला सामोरं जातं. जे टिकतं तेच पुढच्या वर्षी राबात पडतं. गोठवलेलं बी त्या पन्नास वर्षांचं काहीच शिकत नाही. म्हणून पेढी आणि शेत यांतलं एक निवडा असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. आजीच्या पोरीने पेरणं थांबवलं तर माझ्या टाकीतलं बी एकटं पडतं. आणि एखाद्या साली पाड्यावरचं सगळं बी पुरात किंवा किडीत गेलं तर टाकीशिवाय परतीची वाट नाही. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोची बियाणे पेढी हाताबाहेर गेली, तेव्हा तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली स्वालबार्डच्या बियाणे तिजोरीतून आपलं बी परत मागवलं आणि लेबनॉन व मोरोक्कोत पेरलं. तिजोरीचा उपयोग तिथे झाला, पण तो पेरणाऱ्यांमुळे.

नोकरी सोडून मी सालवडला परतले त्याला काही वर्षं झाली. आता मी बियाणं राखणाऱ्या बचत गटांना सुकवण आणि साठवण शिकवते. घरच्या फ्रीझरमध्येही बरंच होतं, हे लोकांना सांगावं लागतं. वाल, तूर चांगलं सुकवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरून उणे अठराला आठवडाभर ठेवलं तर भुंगेरे, अळ्या, अंडी सगळं मरतं. मात्र ओलसर बी तिथे घालायचं नाही, आणि बरणी बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही. नाहीतर हवेतली ओल थंड बियांवर धरते आणि सुकवण्याची सगळी मेहनत वाया जाते. फ्रीझरला वीज लागते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे. नायट्रोजनच्या कंटेनरला वीज लागत नाही. ठरावीक दिवसांनी भरत राहिलं की झालं. लाकडी काठी बुडवून बाहेर काढली की हिमाच्या रेघेवरून आतली पातळी कळते.

म्हणूनच माझं एक म्हणणं आहे, आणि ते मी मिळेल तिथे मांडते. गाईम्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यांत नायट्रोजनचे कंटेनर आहेत. ते ॲल्युमिनियमचे कंटेनर नाशिकला इंडियन ऑइलच्या कारखान्यात बनतात. गोठवलेल्या रेतमात्रा गावोगाव पोहोचवण्याची घडी उरुळी कांचनच्या बाएफने महाराष्ट्रात केव्हाच बसवली. नायट्रोजन बोईसरला रोज येतो. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२मध्ये महाराष्ट्र जनुक कोशाला १७२ कोटी ३९ लाख रुपये मंजूर केले, त्यात स्थानिक पिकांचं बियाणं आहे. मग पालघर जिल्ह्याच्या झाडांसाठी एक गोठवण केंद्र इथेच, कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा पालघरच्या कृषी संशोधन केंद्रात, का नसावं? फणसाची आठळी आणि जांभळाचं बी प्रवासात मरतं. दिल्लीला पोहोचेपर्यंत त्यातलं निम्मं हातचं जातं. डहाणूच्या कालीपत्ती चिकूचं बी रुजतं, पण रोप आईसारखं निघत नाही, म्हणून त्याचेही डोळेच जपावे लागणार, आणि तेही ताजे.

कृषी खात्यातल्या काहींना हे पटतं, काहींना हा खर्च फाजील वाटतो. मी त्यांना बहाडोलीच्या जांभळाचं उदाहरण देते. भौगोलिक मानांकन मिळालेलं ते जांभूळ, त्याची जुनी झाडं मोजकी, आणि रोपवाटिकांतून आता सगळीकडे दोन-चार मोठ्या फळांच्या झाडांचीच कलमं जातात. बाकीची झाडं, लहान फळांची, उशिरा पिकणारी, तुरट, ज्यांना बाजारात भाव नाही, ती तुटत चालली आहेत. जांभळाचा गर्भ गोठवून पुन्हा रोप मिळवणं सोपं नाही; सुकवणीची पट्टी फणसाहूनही अरुंद निघण्याची शक्यता आहे. बी फळातून निघाल्यापासून थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवं. त्यासाठी यंदा ओळखीच्या एका प्रयोगशाळेने लॅमिनारवर जागा देऊ केली आहे आणि बहाडोलीच्या काही बागायतदारांनी उशिरा पिकणारी झाडं दाखवायचं कबूल केलं आहे. लेबलं मी आधीच लिहायला घेतली आहेत: झाड कुठे, कुणाचं, फळ कधी पिकतं, कोण खातं.